पावसाच्या दिवशी शून्य

जुलै २०१८ मधल्या एका सकाळी मुलुंडच्या एका शाळेतल्या बाईंचा आम्हाला फोन आला. त्या म्हणाल्या, "सर, काल आमच्याकडे धो धो पाऊस झाला. मी स्वतः मोजला, एकशे साडेअठरा मिलिमीटर. वहीत लिहिला, तुमच्या पानावरही भरला. आज बघते तर पानावर शून्य! आमची बाटली चुकली, की तुमचं यंत्र?"

बाटली चुकलेली नव्हती. चूक आमची होती आणि ती शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. या शोधाच्या वाटेवर संगणकाच्या जगातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. एका पानामागे काम करणारे निरनिराळे छोटे कार्यक्रम एकमेकांना कसे शोधतात आणि त्यांनी कुणाची किती वेळ वाट पाहायची हे कोण ठरवते, ती ही गोष्ट. हल्ली बहुतेक शाळांत माहितीचे निदान एक तरी पान असतेच, म्हणून ही हकिगत शिक्षकांपुढे ठेवत आहोत.

आधी हे पान कशासाठी होते ते सांगायला हवे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्याची वेधशाळा तिथून सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरवर आहे. तिथे त्याच काळात नोंद झाली सुमारे ७४ मिलिमीटर. म्हणजे एकाच शहरात जवळजवळ तेरापट फरक! 'मुंबईत किती पाऊस पडला?' या प्रश्नाला एकच उत्तर नसते, हे यावरून विद्यार्थ्यांना पटकन पटते. मग अंधेरीत किती? बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. त्यांच्या दोन बाजूंना सारखाच पाऊस पडतो का? घाटकोपरला काय? हे मोजून पाहावे या हेतूने आम्ही या चार उपनगरांतल्या चार शाळांना साधी पर्जन्यमापके करायला सांगितली. नरसाळे, त्याखाली बाटली आणि एक मोजपात्र एवढेच साहित्य. वेधशाळेप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा, वहीत लिहायचा आणि मग आमच्या पानावर भरायचा. पानावर चारही शाळांचा आलेख शेजारी शेजारी दिसे. मुलांना त्याचे फार अप्रूप होते.

हे पान चालते कसे? त्यात दोन संगणकांची भागीदारी असते. एक सर्व्हर, म्हणजे माहिती साठवणारा आणि मागितली की देणारा संगणक. आमचा अंधेरीत होता. दुसरा म्हणजे पान पाहणाऱ्याच्या हातातला, मग तो शाळेतला संगणक असो की बाईंचा मोबाइल. त्यावरचा ब्राउझर पान मागवतो आणि दाखवतो. आमच्या सर्व्हरवरचा कार्यक्रम जावा भाषेत लिहिलेला होता. ब्राउझरमध्ये चालणारा भाग मात्र जावास्क्रिप्टमध्ये. नावावरून फसू नये. या दोन्ही भाषा जगापुढे आल्या १९९५ साली, पण त्यांचे नाते जवळजवळ नावापुरतेच आहे. ब्रेंडन आईक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. त्या वेळी जावाचा बोलबाला होता, म्हणून बाजारात खपावी यासाठी तिला जावाच्या नावाशी जोडले गेले. त्या दहा दिवसांच्या घाईचा एक परिणाम पुढे वीस वर्षे लोकांना भोगावा लागला आणि तोच आपल्या विषयाशी संबंधित आहे. या भाषेत कार्यक्रमाचे स्वतंत्र भाग पाडायची सोयच नव्हती.

म्हणजे काय ते पाहू. समजा एका पानासाठी जावास्क्रिप्टच्या पाच फायली लागतात. जुन्या पद्धतीत या पाचही फायलींतली सगळी नावे एकाच मोठ्या अंगणात येऊन पडत. एका फायलीत 'रंग' नावाचे काही असेल आणि दुसरीतही 'रंग' असेल, तर नंतर आलेला आधीच्याला पुसून टाकी. चाळीत दोन जोशी असले तर निदान पोस्टमन विचारतो तरी, "कुठले जोशी? खालचे की वरचे?" इथे विचारणारे कोणी नव्हते. शिवाय आलेख काढणारी फाईल आलेखाच्या साहित्याची फाईल येण्यापूर्वी चालू झाली तर तिला ते साहित्य सापडत नसे आणि पान मुके होऊन बसे. पानात फायली कोणत्या क्रमाने लिहायच्या ते लिहिणाऱ्याने डोक्यात ठेवायचे. पाच फायलींना हे जमते, पन्नास फायलींना जमत नाही.

यावरचा उपाय म्हणजे मॉड्यूल. याला आपण 'घटक' म्हणू. प्रत्येक फाईल हे एक बंद दाराचे घर. आतली नावे आतच राहतात. दारावर दोनच पाट्या असतात. एका पाटीवर 'मला कोणाकोणाची गरज आहे' आणि दुसरीवर 'मी इतरांना काय देतो'. कार्यक्रमाचे भाग कोणत्या तत्त्वावर पाडावेत याविषयी डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एक निबंध लिहिला होता. कामाच्या पायऱ्यांनुसार भाग पाडू नका. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेका भागाच्या पोटात झाकून ठेवा, असे त्यांचे म्हणणे. ही कल्पना इतर भाषांत केव्हाच रुजली होती. ब्राउझरपर्यंत पोहोचायला तिला उशीर झाला. २००९ साली केव्हिन डँगूर यांनी कॉमनजेएस नावाची चळवळ सुरू केली. पुढे ब्राउझरसाठी जेम्स बर्क यांनी रिक्वायरजेएस हा 'घटक आणून देणारा' कार्यक्रम लिहिला. जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणित रूपात घटकांची सोय आली ती थेट २०१५ साली.

दारावरच्या पाट्यांवरून क्रम कसा लागतो? पुरणपोळी घ्या. पुरण शिजवणे आणि कणीक मळणे यांत आधी काय केले तरी चालते. पण पोळी लाटायच्या आधी दोन्ही व्हायलाच हवीत. कोणाला कशाची गरज आहे एवढेच सांगितले तर क्रम आपोआप निघतो, तो वेगळा लिहावा लागत नाही. आमच्या पानात पाच घटक होते: 'अंक', 'साहित्य', 'आलेख', 'अर्ज' आणि 'पान'. 'साहित्य' म्हणजे आलेख काढण्याचा बाहेरून आणलेला मोठा संच. 'आलेख'ला 'अंक' आणि 'साहित्य' दोन्ही लागत. पावसाचा आकडा भरण्याचा 'अर्ज' फक्त 'अंक'वर अवलंबून होता. 'पान' शेवटी सर्वांना कामाला लावी, म्हणून त्याला 'आलेख' आणि 'अर्ज' लागत.

पाच फायली एकूण १२० क्रमांनी येऊ शकतात. त्यांपैकी वरच्या अटी पाळणारे क्रम किती? वर्गात हे जरूर विचारावे. 'पान' शेवटीच येणार हे उघड आहे. उरलेल्या चारांत 'अंक' आणि 'साहित्य' हे 'आलेख'च्या आधी हवेत, म्हणून 'अंक, साहित्य, आलेख' किंवा 'साहित्य, अंक, आलेख' अशा दोनच मांडण्या. पहिल्या मांडणीत 'अर्ज' हा 'अंक'नंतर तीन जागी बसू शकतो, दुसरीत दोन जागी. एकूण पाच! १२० पैकी फक्त ५ क्रम बरोबर. फायली जर वाटेल त्या क्रमाने चालू झाल्या तर पान सुरळीत चालणे ही नशिबाचीच गोष्ट म्हणायची. घटक आणून देणारा कार्यक्रम फायली मागवतो सर्व एकदमच, पण त्या चालू करतो अटी पाळून. (दोन घटकांना एकमेकांची गरज पडली तर? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी ती गत. तिथे कोणताच क्रम चालत नाही, घटकच पुन्हा पाडावे लागतात.)

आता सर्व्हरकडे वळू. जावामध्ये असे पान मुळापासून कोणी लिहीत बसत नाही. तयार सांगाडे मिळतात, त्यांत आपला मजकूर भरायचा. आम्ही टॅपेस्ट्री नावाचा सांगाडा घेतला होता. टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगायचे विणलेले चित्र. हॉवर्ड लुईस शिप यांनी तो सुरू केला आणि २००६ पासून तो अपाची या मुक्त संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प आहे. त्याच्या ५.४ या आवृत्तीने ब्राउझरमधल्या कामासाठी रिक्वायरजेएस स्वीकारला. इथे एक मजेदार स्थिती तयार होते. घटक चालणार बाईंच्या मोबाइलमध्ये, पण ते कुठून आणायचे, कोणाला कोण लागते आणि किती थांबायचे याच्या सूचना मात्र अंधेरीत बसलेला जावा कार्यक्रम लिहिणार. पान पाठवताना त्यासोबत तो एक चिठ्ठी जोडतो. या चिठ्ठीला विन्यास म्हणतात. ती आपण लिहिलेली नसते, सांगाडा लिहितो. त्यामुळे तिच्याकडे सहसा कोणी बघतही नाही. आम्हीही बघितले नव्हते.

चिठ्ठीत मुख्यतः तीन प्रकारचा मजकूर असतो. पहिला म्हणजे नाव आणि पत्ता. घटक एकमेकांना नावाने हाक मारतात, फाईल कुठे आहे ते चिठ्ठी सांगते. टॅपेस्ट्री इथे एक चतुराई करते. फाईलच्या मजकुरावरून एक छोटी खूण काढून ती पत्त्यातच घालते. मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी पत्ता बदलतो. त्यामुळे ब्राउझरला 'ही फाईल खुशाल जपून ठेव, पुन्हा मागू नकोस' असे सांगता येते. जपलेली फाईल जुनी झाली की नाही ही शंकाच उरत नाही, कारण नवी फाईल वेगळ्याच पत्त्यावर असते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो आमच्यावर उलटला.

दुसरा मजकूर जुन्या फायलींविषयी. 'साहित्य' हा आमचा आलेखसंच घटकांच्या काळाआधीचा होता. त्याच्या दारावर पाट्याच नव्हत्या. तो आला की आपले नाव अंगणात टाकून मोकळा होई. अशा फायलीसाठी पाट्या बाहेरून लावाव्या लागतात. हिला अमुक फाईल आधी लागते, आणि ही चालून गेली की अंगणातले अमुक नाव उचलून तेच हिचे देणे समजा, अशा. सुतार दोन लाकडांमधली फट भरायला जी पाचर ठोकतो तसाच हा प्रकार. टॅपेस्ट्रीमध्ये ही पाचर जावाच्या बाजूने, घटकांच्या व्यवस्थापकाकडे नोंदवायची असते. ही आम्ही नीट नोंदवली होती, कारण ती नसेल तर आलेख पहिल्याच दिवशी बंद पडतो. जी चूक पहिल्याच दिवशी दिसते ती चूक फारशी घातक नसते.

तिसरा मजकूर म्हणजे एकच आकडा: किती सेकंद वाट पाहायची. रिक्वायरजेएस मागवलेली फाईल येण्याची ७ सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात ती आली नाही तर ती आलीच नाही असे समजून काम सोडून देतो. हा आकडा आपण बदलला नाही तर सातच राहतो. पण टॅपेस्ट्रीला दोन अवस्था असतात. एक विकासाची, म्हणजे कार्यक्रम लिहीत असतानाची, आणि दुसरी प्रत्यक्ष वापराची. विकासाच्या अवस्थेत कार्यक्रम लिहिणारा मध्येच सगळे थांबवून आत डोकावत असतो. त्याची गैरसोय होऊ नये म्हणून त्या अवस्थेत चिठ्ठीत ३०० सेकंद लिहिले जातात. पूर्ण पाच मिनिटे! वापराच्या अवस्थेत असे काही लिहिले जात नाही, म्हणजे तिथे पुन्हा सातच. आम्ही अंधेरीत बसून सगळ्या चाचण्या पाच मिनिटांच्या मुभेत केल्या आणि शाळांना दिले सात सेकंदांचे पान.

आता हिशेब करू. 'साहित्य' ही फाईल सुमारे ६०० किलोबाइट होती. एक बाइट म्हणजे आठ बिट, तेव्हा ती ४,८०० किलोबिट झाली. आमच्याकडच्या जोडणीचा वेग सेकंदाला २० मेगाबिट धरला तर ४,८०० भागिले २०,००० म्हणजे पाव सेकंदही नाही. मोबाइलच्या गर्दीच्या जाळ्यावर वेग सेकंदाला ५०० किलोबिटवर आला तर? ४,८०० भागिले ५००, म्हणजे ९.६ सेकंद. फाईल वाटेवर असतानाच सात सेकंद संपतात. 'साहित्य' नाही म्हणून 'आलेख' नाही, 'आलेख' नाही म्हणून 'पान' नाही आणि 'पान' नाही म्हणून 'अर्ज'ला कामाला लावणारे कोणी नाही. 'अर्ज' आणि 'अंक' या दोन्ही इवल्याशा फायली कधीच येऊन बसल्या होत्या, पण त्यांना हाकच आली नाही.

आलेख दिसला नाही एवढ्यावर भागले असते. पण 'अंक' करत काय होता? तो देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करत होता. आपल्याला १ आणि त्याचा इंग्रजी जोडीदार एकच वाटतो, पण संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी चिन्हे आहेत. युनिकोड या सर्वमान्य यादीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे, देवनागरी शून्याचा २४०६. पुढचे अंक दोन्हीकडे ओळीने येतात, म्हणून २३५८ वजा केले की देवनागरीचा इंग्रजी अंक होतो. 'अंक' घटकात याहून जास्त काही नव्हते. पण ते हवेच, कारण जावास्क्रिप्टला '१२' ही अक्षरे देऊन त्यांची संख्या करायला सांगितले तर ती 'ही संख्या नाही' असे उत्तर देते.

आणि जावा? इथे आमची फसगत झाली. जावाला पूर्णांक वाचायला सांगितला तर ती देवनागरी '१२' बिनतक्रार वाचते. अर्जात 'किती विद्यार्थ्यांनी मोजणी केली' हा रकाना होता. त्यात देवनागरी आकडा भरून आम्ही पाहिले होते, तो बरोबर साठवला गेला. यावरून सर्व्हरला देवनागरी कळते असा समज आम्ही करून घेतला. पण दशांश चिन्ह असलेली संख्या वाचण्याची जावाची रीत वेगळी आहे आणि तिला फक्त इंग्रजी अंक चालतात. '११८.५' पाहिल्यावर ती चूक झाल्याचे ओरडून सांगते. ते ओरडणे पानावर दिसू नये म्हणून आम्हीच कधीतरी एक ओळ लिहून ठेवली होती: संख्या वाचता आली नाही तर शून्य धरावे.

ही ओळ लिहिणारा माणूस पाऊस मोजण्याचा अभ्यास करतो, हे कबूल करताना आम्हाला आजही संकोच वाटतो. मोजला नाही आणि पडला नाही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगतो.

तरीही एक प्रश्न उरतो. जून उलटून गेला तोवर हे का दिसले नाही? शाळेतल्या संगणकाने 'साहित्य' पहिल्याच दिवशी आणून जपून ठेवले होते. पत्त्यातल्या त्या खुणेची कृपा. त्यानंतर ती ६०० किलोबाइट पुन्हा कधी आणावीच लागली नाहीत. पण त्या दिवशी मुसळधार पावसामुळे शाळेला सुट्टी होती. शाळेजवळच राहणाऱ्या बाईंनी छत्री घेऊन जाऊन पाऊस मोजला आणि घरी येऊन आपल्या मोबाइलवरून आकडा भरला. त्या मोबाइलवर हे पान पहिल्यांदाच उघडत होते, काही जपलेले नव्हते. सगळे लोक घरी, सगळ्यांच्या हातात मोबाइल, त्यामुळे जाळे मंद. आणि मोबाइलच्या मराठी कळफलकावर अंक देवनागरी. हे सारे एकाच दिवशी जुळून आले आणि त्याला कारण एकच, पाऊस.

मोजमापात काही चुका पाऊस पाहून होत नाहीत. मोजपात्र वाचताना नजर थोडी वर-खाली होते, कधी जास्त वाचले जाते, कधी कमी. पुष्कळ दिवसांच्या सरासरीत त्या बऱ्याचशा मिटतात. आमची चूक तशी नव्हती. पाऊस जितका जास्त, तितकी सुट्टीची शक्यता जास्त, जाळे मंद असण्याची शक्यता जास्त, आणि म्हणून शून्य नोंदले जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे आमचे पान नेमके मुसळधार दिवस वेचून पुसत होते. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' पाऊस मानतात. बाईंचा ११८.५ दुसऱ्या वर्गातला. असे दिवस पावसाळ्यात मोजके असतात आणि मुलुंडचा पाऊस बोरिवलीपेक्षा कमी की जास्त हे बरेचसे त्या मोजक्या दिवसांवर ठरते. बाईंनी फोन केला नसता तर डोंगराच्या पूर्वेला पाऊस कमी पडतो असा निष्कर्ष आम्ही आलेखासह छापूनही मोकळे झालो असतो.

हे उघड व्हायला मदत करणारी एक सोय टॅपेस्ट्रीमध्ये होती, तिचाही उल्लेख करायला हवा. सगळे घटक कामाला लागेपर्यंत पानावर एक पडदा राहतो आणि तोवर कशालाच हात लावता येत नाही. तो असता तर बाईंना अर्ज पाठवताच आला नसता आणि त्यांनी त्याच दिवशी फोन केला असता. पण 'पान अडकल्यासारखे वाटते' अशी तक्रार एका शाळेकडून आली म्हणून आम्ही तो पडदा काढून टाकला होता. तक्रार खरी होती. पान अडकतच होते. आम्ही अडकण्याचे कारण शोधले नाही, अडकलेले दिसणे तेवढे बंद केले.

दुरुस्ती करताना पहिला मोह होतो तो सातचे साठ करण्याचा. टॅपेस्ट्रीमध्ये ते अवघड नाही. पान बांधले जात असताना सांगाडा ती चिठ्ठी क्षणभर आपल्या जावा कार्यक्रमाच्या हाती देतो. तिच्यात हवा तो आकडा लिहून परत करायची. शून्य लिहिले तर कधीच हार न मानता वाट पाहिली जाते. आम्ही हे केले, पण सर्वांत शेवटी. जाळे त्याहूनही मंद झाले तर साठही अपुरे पडणार. खरी चूक पाट्यांमध्ये होती. 'अर्ज'ला 'साहित्य' लागत नव्हते, पण 'पान' या एका घटकाच्या नादाने तो त्याला बांधला गेला होता. म्हणून 'पान' हा घटकच आम्ही काढून टाकला. आता 'अर्ज' 'अंक' आला की लगेच कामाला लागतो, 'आलेख' आपल्या वेळाने. दोन किलोबाइटच्या कामाने सहाशे किलोबाइटच्या कामासाठी ताटकळत बसण्याचे कारण उरले नाही.

त्याहूनही आधी सर्व्हरवरची ती ओळ गेली. आता देवनागरी अंकांचे रूपांतर जावामध्येही होते, मग ब्राउझरमध्ये काही चालू झालेले असो वा नसो. ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. तिच्यावर सर्व्हरने भिस्त ठेवायची नसते, कारण दुसऱ्याच्या हातातल्या यंत्रात काय चालले आणि काय नाही हे सर्व्हरला कधीच कळत नाही. आणि एवढे करूनही आकडा वाचता आला नाही तर रकाना रिकामा राहतो, बाईंनी जे टंकले ते शेजारी जसेच्या तसे जपले जाते आणि पानावर तांबड्या अक्षरांत 'वाचता आले नाही' असे येते. पडदाही परत लावला.

रिक्वायरजेएसची गरज आता नव्या पानांना फारशी उरलेली नाही. ब्राउझरनाच घटक कळू लागले आहेत. नावावरून पत्ता सांगणारी चिठ्ठीही मार्च २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझर थेट वाचतात. पण चिठ्ठी आहेच, आणि ती कोणीतरी लिहितेच. पाचर ठोकलेल्या जुन्या फायलीही अजून ठिकठिकाणी आहेत.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर संगणकाचीही गरज नाही. पाच विद्यार्थ्यांना घटकांची नावे द्यावीत, प्रत्येकाच्या गळ्यात 'मला कोण लागतो' ही पाटी अडकवावी. सर्वांनी वर्गाबाहेर जावे आणि चिठ्ठ्या टाकून येईल त्या क्रमाने आत यावे. ज्याला जे लागते ते आत येऊन बसलेले असेल तरच त्याने बाकावर बसायचे, नाहीतर उभे राहायचे. मग 'साहित्य'ला मुद्दाम जिन्यावरून सावकाश चढायला लावावे आणि एकाने सात अंक मोजावेत. सात झाल्यावर कोण कोण उभे आहे ते पाहावे. त्यानंतर 'पान'ला खेळातून काढून पुन्हा तेच करावे. आठवीच्या मुलांना आमच्या तीन दिवसांच्या शोधाचे मर्म दहा मिनिटांत कळते, असा आमचा अनुभव आहे. एका मुलीने विचारले, "पण 'साहित्य' उशिरा आला तरी आला ना? मग त्याला बाहेरच का ठेवायचं?" प्रश्न रास्त आहे. तो आकडा ज्याने सात ठेवला त्यालाच तो विचारायला हवा.

त्या वर्षीच्या नोंदींचे काय केले? चारही शाळांच्या वह्या मागवल्या. जिथे आमच्याकडे शून्य होते तो प्रत्येक दिवस वहीशी ताडून पाहिला. मुलुंडचा ११८.५ परत मिळाला. आणखीही काही दिवस मिळाले आणि तेही बहुतेक सुट्टीचेच होते. एका शाळेची जुलैची वही मात्र पावसात भिजून तिचे अंक पुसले गेले होते. तिथल्या शून्यांपैकी खरी कोणती आणि आमची कोणती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तो महिना आम्ही त्या शाळेपुरता रिकामा ठेवला आहे.